‘अनिर्दिष्ट’ जखमेची नोंद

मोटारसायकलवरून फेकल्या गेलेल्या तरुणास रुग्णालयात आणले जाते. मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसून हवा आणि रक्त छातीच्या पोकळीत साठलेले असते. नळी घालून ते काढले जाते, रुग्ण वाचतो. केसपेपरवर मात्र घाईघाईने एवढेच उमटते : ‘छातीतील अवयवास इजा, अपघात’.

हा कागद अभिलेख विभागातील कारकुनाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हृदयाच्या जखमांना ‘एस २६’ व छातीतील इतर अवयवांच्या जखमांना ‘एस २७’ हा संकेत आहे. त्यापुढील बिंदूनंतर ० म्हणजे हवा साठणे, १ म्हणजे रक्त, २ म्हणजे दोन्ही. आणि अखेरचा ९ म्हणजे अवयव अनिर्दिष्ट. तर्क लढविण्याचा अधिकार कारकुनाला नाही (आणि तो नसावा हेच योग्य). तो निमूटपणे ९ लिहितो.

याहून मोठी उणीव दुसऱ्या संकेताची. जखम कशाने झाली हे सांगणारे संकेत वेगळे. मोटारसायकलस्वारासाठी ‘व्ही २०’ ते ‘व्ही २९’. मृत्यूच्या नोंदीत तर हेच मूळ कारण धरावे लागते. नुसत्या ‘अपघात’ या शब्दावरून मोटारसायकल, ट्रक की जिना, हे कसे कळावे? २०२२ पासून अकरावी आवृत्ती अमलात आली आहे. तथापि कागदावर जे लिहिलेच नाही, ते नवी यादी कोठून आणणार? कारकून विचारावयास वॉर्डात जातो, तेव्हा रुग्ण घरी गेलेला असतो आणि डॉक्टरांची पाळी संपलेली असते.