खरूज कीं गजकर्ण?

खाज म्हणजे खरूज, ही समजूत आपल्या शेतकरी बंधूंत सर्रास आढळते. तिच्यापायीं आम्हींही हानि सोसली. आशागडास आमच्या नातवाच्या कमरेवर चट्टा उठला. खरूज समजून आम्हीं दुकानांतील मलम दोन महिने चोळलें. खाज थांबे, पण चट्टा पसरे. अखेर डॉक्टरांनीं चट्ट्याच्या कडेची त्वचा हलकेच खरवडून कांचेवर घेतली, तीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकिला व सूक्ष्मदर्शक यंत्रांतून आम्हांस दाखविली. फांद्या फुटलेले बारीक तंतु स्पष्ट दिसले. तें बुरशीचें गजकर्ण होतें. मलमांतील स्टेरॉइडानें खाज दबली, बुरशी मात्र फोफावली.

खरजेचें कारण निराळें. इ. स. १६८७ मध्यें इटलींतील बोनोमो व चेस्तोनी यांनीं तिचा किडा सूक्ष्मदर्शकानें पाहून वर्णिला. मादी अर्ध्या मिलिमीटरहून लहान. ती कातडींत बीळ करून रोज दोन-तीन अंडीं घालते. बोटांच्या बेचक्यांतील खरवडींत किडा वा अंडीं दिसलीं कीं निदान पक्कें. न दिसलीं तरी खरूज नाहींच असें नव्हे; रात्रीं वाढणारी व घरांत इतरांसही लागलेली खाज ही तिची खूण होय. तिचें औषध घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं लावावें. चट्टा बधिर असल्यास मात्र कुष्ठाची तपासणी विनाविलंब करवावी.

चिकूवर कीड कोणती हें पाहिल्याविना आपण फवारणी करीत नाहीं. मुलांच्या कातडीस तरी निराळा न्याय कां? मलमापूर्वीं तपासणी मागावी, इतकीच विनंती.