विठ्ठलवाडी ते दुर्गाडी : खाडीकडे चालत

विठ्ठलवाडी स्टेशनात उतरल्यावर समुद्र आठवावा असं काहीच दिसत नाही. पण जवळूनच वालधुनी वाहते, आणि तिला गाठायची असते ती खाडीच. काकोळ्याच्या डोंगरातून निघून, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराच्या पायाशी येऊन ती इथवर पोचते. वाटेत कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी तिच्यात मिसळतं. काठाने चालताना नाकाला रुमाल लावावा लागतो, आणि ज्या नदीकाठी शिलाहारांनी असं देऊळ उभारलं तिची ही दशा पाहून जीव तुटतो.

कल्याण स्टेशन मागे टाकून पारनाका, मग लालचौकी. इथून वारा बदलतो, खारट होतो. पुढे दुर्गाडी.

टेकडी लहान, चढ पाच मिनिटांचा. वर दुर्गादेवीचं देऊळ, खाली उल्हासचं रुंद पात्र, पलीकडे कोन गाव. कल्याण हे फार जुनं बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत इथल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत गलबतं बांधायला काढली. रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर त्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगिजांना धास्ती वाटली आणि त्यांनी त्याला फूस लावून काढून नेलं. महाराजांचं काम मात्र थांबलं नाही. मराठी आरमाराची सुरुवात सांगताना आपल्याला आधी सिंधुदुर्ग आठवतो. माझ्या मते पहिला मान या चिखलाचा.

तो चिखल बघायचा तर सुकतीला गणेश घाटाकडे उतरावं. तिवरांच्या मुळांशी बोटभर निवटे पुढच्या परांवर सरकत असतात, डोळे डोक्यावर बसवल्यासारखे. पाऊल वाजलं की टुणकन उडी, आणि बिळात. थंडीत शेपटी सतत हलवत तुतवार काठाकाठाने टिपत फिरतो. खंड्या तर बारमाही. घाई केली तर यातलं काहीच दिसत नाही. अर्धा तास एका जागी बसायची तयारी हवी.

भरतीची वेळ पाहून निघालात तर उत्तम. वसईकडून आत शिरलेलं पाणी दुर्गाडीखाली आधी थबकतं, मग उलटं वाहू लागतं, आणि बघता बघता निवट्यांची बिळं बुडतात.