एमजीला अँबॅसडरचं इंजिन चालेल का?

पिंपरी-चिंचवडमध्ये गाडीविषयी मत नसलेला माणूस सापडणं अवघड. घरात एक जण टेल्कोतून निवृत्त (टाटा मोटर्स म्हणायला जुन्या लोकांची जीभ अजून वळत नाही), दुसरा बजाजमध्ये, धाकटा चाकणला फोक्सवॅगनमध्ये. अशा घरात जेवतानाही टॉर्क आणि टॉलरन्सच्या गप्पा निघतात. त्यामुळे इथल्या एखाद्या शेडमध्ये साठ-सत्तर वर्षांपूर्वीची दोन आसनी स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली, की पाना हातात घेण्याआधीच वादाला तोंड फुटतं.

एक पक्ष म्हणतो, गाडी पूर्ण खोला, पत्रा उघडा करा, शोरूममधून निघाली होती तशी करा. दुसरा म्हणतो, रंगाला हात लावाल तर खबरदार. उडालेला रंग, फिकी पडलेली नंबरपाटी, चिरलेलं लेदर हीच तिची कमाई आहे. तिसरा पक्ष तरुणांचा. त्यांचं म्हणणं, इंजिन आजचं टाका, ब्रेक आजचे बसवा, एसी लावा आणि चालवा. पंढरपूर-कोल्हापूरला मूर्तीच्या वज्रलेपावरून जसे तट पडतात, तसाच हा प्रकार, आणि इथेही कुणी मागे हटत नाही.

जगभर अनेक दशकं पहिल्या पक्षाचीच सत्ता होती. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात जिंकायचं म्हणजे गाडी आरशासारखी लखलखीत हवी, हे ठरून गेलेलं. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र तिथला सर्वोच्च मान 1934 च्या एका बुगाटी टाइप 59 ला मिळाला. पुन्हा रंगवून न घेतलेल्या, जतन केलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. काळा रंग जागोजागी विरलेला, तडकलेला. दुसऱ्या पक्षाने साहजिकच जल्लोष केला. पण या गाडीचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. ती मुळात ग्राँ प्रीची रेसगाडी. शर्यती संपल्यावर कारखान्यातच तिची दोन आसनी स्पोर्ट्स कार झाली. पुढे ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली आणि काळ्या रंगात रंगली. म्हणजे ‘अस्सल’ म्हणून गौरवलेली गाडी एकदा कापून बदललेली आणि एकदा रंग पालटलेली होती. फक्त ते सगळं इतकं जुनं झालं होतं, की त्याचाच इतिहास बनला.

याच पंथाचं दुसरं टोक म्हणजे स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या माज्जोरे तलावातून 2009 मध्ये वर काढलेली बुगाटी ब्रेशिया. काही दशकं पाण्याखाली राहिल्याने एका बाजूचा पत्रा जवळपास विरघळलेला. जानेवारी 2010 मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला 2,60,500 युरो मिळाले आणि पुढे संग्रहालयात ती तशीच मांडली गेली. इथल्या कुदळवाडीच्या भंगारवाल्याने ती किलोवर घेतली असती.

तिसऱ्या पक्षाचेही मठ आहेत. अमेरिकेतली सिंगर ही कंपनी 1989 नंतरच्या पिढीची पोर्श 911 घेते आणि कार्बन फायबरच्या बॉडीत, नव्या इंजिनाने ती पुन्हा घडवते. दिसायला जुनी, धावायला नवी. जपानचे अकिरा नाकाई तर पोर्शचे मडगार्ड करवतीने कापून रुंद करतात. काहींना ते कलावंत वाटतात, काहींना कसाई. मला विचाराल तर करवत पाहून माझ्याही पोटात गोळा येतो.

हा वाद आपल्याकडे आणला, की तो वेगळंच वळण घेतो.

1953 च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, इथे उत्पादन न करता नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. आयातीची दारं आवळली गेली. आधीच येऊन पडलेल्या किंवा नंतर कशाबशा पोचलेल्या एमजी आणि ट्रायम्फ यांना सुटे भाग मिळेनात. मग मालकांनी आणि मिस्त्रींनी शेजारी पाहिलं. एमजीए ही 1955 ची देखणी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिचं 1489 सीसीचं इंजिन बीएमसी कंपनीच्या ‘बी’ मालिकेतलं. आणि आपल्या अँबॅसडरचं पेट्रोल इंजिन? तेही 1489 सीसी, त्याच मालिकेतलं. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर, अँबॅसडरला एक, ताकदीत फरक, पण कूळ एकच. ट्रायम्फ स्पिटफायर तर मुळात हेरल्डच्या सांगाड्यावरून उतरलेली, आणि हेरल्ड 1961 पासून मद्रासला बनत होती. त्यामुळे सरकारी गाड्यांचे, टॅक्सींचे पार्ट घालून स्पोर्ट्स कार जगवणं इथे शक्य झालं, आणि लोकांनी ते केलं.

आता सांगा, साठच्या दशकात मूळ इंजिनचा ब्लॉक तडकला म्हणून अँबॅसडरचं इंजिन बसवलेली आणि त्यावर पुढची अनेक वर्षं घाट चढलेली एमजीए अस्सल की बाटलेली? इंग्लंडहून मूळ जातीचं इंजिन मागवून ते बदलणारे आज आहेत. त्यांना मी दोष देत नाही. पण ते करताना त्या गाडीचा सगळ्यात भारतीय भाग काढून टाकला जातो, हे त्यांच्या गावी नसतं. परदेशात रंगाच्या पोपड्यांना जो मान मिळतो, तो आपल्याकडे या ठिगळांना मिळायला हवा. मागच्या पिढीच्या मिस्त्रीने नड म्हणून केलेली दुरुस्ती आणि आजच्या मालकाने हौस म्हणून केलेला फेरफार या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

कायद्याला ही सूक्ष्मता ठाऊक नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुन्या, बिगरव्यावसायिक दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, नूतनीकरणाचं 5,000. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. आणि मुख्य अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. अँबॅसडर-इंजिनवाली एमजीए या अटीपाशी अडखळते, आणि पेबल बीचची विजेती बुगाटीसुद्धा अडखळली असती.

एरवीच्या गाड्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. फटाका सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे पोलिसांचे फोटो आपण वर्तमानपत्रात पाहतो, ते याच वाटेवरचे. गमतीचा भाग असा, की मान्यताप्राप्त किट वापरून गाडीला सीएनजी किंवा बॅटरीवर नेण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. म्हणजे इंजिनच उपटून मोटर बसवायला मुभा, पण जास्त ताकदीचं इंजिन बसवायला नाही. रस्त्यावरच्या सुरक्षेचा विचार केला तर यात तर्क आहे. साठ वर्षांपूर्वीच्या ड्रम ब्रेकवर आजचं टर्बो इंजिन लादणं म्हणजे आत्महत्येची पूर्वतयारी.

ब्रेकवरून आठवलं. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर संध्याकाळच्या शिफ्टला कंटेनरच्या दोन रांगांमध्ये 1955 ची गाडी घालून पाहा, म्हणजे शुद्धतेचा आग्रह किती टिकतो ते कळेल. एमजीए 1500 ला चारही चाकांना ड्रम होते, पण 1959 च्या एमजीए 1600 ला कंपनीनेच पुढे डिस्क दिले. मग 1500 ला ते बसवले तर कुणाचं काय बिघडलं? बोल्ट काढले की मूळ ड्रम परत. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्यूटरच्याच टोपीखाली दडणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडियल टायर: हे सगळे परत फिरवता येणारे बदल. इंजिन बसत नाही म्हणून फायरवॉल कापली, रुंद टायरसाठी मडगार्ड कापलं, की परतीचा रस्ता बंद. मी रेघ मारतो ती इथे. मात्र नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाला धक्का लागणार असेल तर आधी आरटीओत विचारा.

राहिला गंज. इथे दुसऱ्या पक्षाला थोडं सुनवावं लागेल, कारण त्यांचं निम्मं तत्त्वज्ञान कोरड्या हवेतून आलेलं आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात पत्र्याचा वरचा रंग उडतो, खाली तांबूस पापुद्रा येतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पत्रा सुकतच नाही. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड घट्ट बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि खात आत जातो. लोणावळ्याच्या बंगल्यात ताडपत्रीखाली दोन पावसाळे काढलेल्या गाडीचा गंज हा तिचा इतिहास नव्हे, तो चालू असलेला रोग आहे.

तो कुठे बसलाय हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. जुने डेंटर रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराखालच्या पट्टीवरून, म्हणजे सिलवरून, हळूहळू सरकवतात. जिथे ते पत्र्याला धरत नाही, घसरतं, तिथे आत लांबी भरलेली आहे. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. चांगला पत्रा टणकन बोलतो, सडलेला भद्द आवाज करतो. मग गाडी मधोमध जॅकवर उचलून दार लावून पाहायचं. एमजीबीसारखी 1962 नंतरची उघडी गाडी वेगळ्या चासीवर बसलेली नाही. बॉडीच तिचा कणा आहे, आणि वर छत नसल्याने सगळा भार सिलवर. सिल कुजली असेल तर जॅकवर गाडी वाकते आणि नेहमी लागणारं दार अडकतं. त्याआधीच्या एमजी टीसीला स्वतंत्र चासी होती, पण बॉडीच्या आत लाकडी चौकट. तिच्यात गंजाआधी वाळवी शोधावी.

भार पेलणारा पत्रा कुजला असेल तर तो कापून नवा लावायचाच, त्यात भावनेला जागा नाही. बॉनेटवरचा, डिकीवरचा विरलेला रंग मात्र राहू द्यावा. मेण लावावं, सावलीत ठेवावी. हल्ली व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून नवा गंज आणतात आणि वर क्लिअर कोट मारून त्याला जुनेपणा म्हणतात. हे नाटक आहे, आणि खालची ओल तशीच राहत असल्याने वाईट नाटक आहे.

असं काम करायला या पट्ट्यासारख्या जागा देशात थोड्या. बेअरिंगचा नंबर पुसला गेलाय? मापावरून दुसरं शोधून देणारे आहेत, आणि एसकेएफचा कारखाना तर चिंचवडलाच. गनमेटलचा बुश हवा, तर भोसरीत चहा संपायच्या आत लेथवर निघतो. कास्टिंगसाठी कोल्हापूरच्या फाउंड्रीज आहेत. मूळ पार्ट रविवारी-बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने सापडतो. हात आहेत, कमी आहे ती नोंद ठेवण्याच्या सवयीची. कोणता पार्ट कधी, का बदलला, जुना कुठे ठेवला, याची वही शंभरात एखाद्याकडे सापडेल.

आपल्या मातीतल्या स्पोर्ट्स कारही या वादात येतात. अलिबागजवळ कार्लेखिंडीत बनलेली चिंकारा रोडस्टर लोटस सेव्हनच्या घाटाची, इंजिन अँबॅसडरवालं इसुझूचं 1.8 लिटर. गोव्याची सॅन स्टॉर्म 1998 ची, इंजिन रेनोचं. दोघींच्या बॉडी फायबरच्या, म्हणजे बॉडीच्या गंजाचा प्रश्न मिटला. मुळात लोटस सेव्हनच सुट्या भागांत, घरी जोडायला विकली जायची. अशा गाडीत मालकाने बदल केले तर तो तिचा स्वभावच.

खरी काळजी वाटते ती आज दारात उभ्या असलेल्या गाड्यांची. चाकणला 2009 ते 2022 फोक्सवॅगन पोलो बनली. तिची 2013 ची जीटी टीएसआय आणि रांजणगावला 2015 मध्ये बनलेली 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, या पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या खऱ्याखुऱ्या वेगवान गाड्या. आणि एमएच-14, एमएच-12 पाटीच्या यातल्या कितीतरी गाड्यांची ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ताकद वाढवायला ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ झालेली, सायलेन्सर बदललेले, स्प्रिंगा खाली केलेल्या. पोरांची हौस आहे, मी उपदेश करणार नाही.

एवढंच करा. मूळ सायलेन्सर, एअरबॉक्स, चाकं, स्प्रिंगा विकू नका. गोणीत बांधून माळ्यावर टाका. ईसीयूची मूळ फाइल आणि सर्व्हिसची बिलं जपा. जे बदललं ते तारखेसकट वहीत लिहा. 2013 ची पोलो जीटी 2063 मध्ये पन्नास वर्षांची होईल, आणि नियम तोवर बदलला नसेल तर आरटीओत आधी तिची चासी, बॉडी आणि इंजिन तपासलं जाईल.