शिजण्याआधीच कळणारा पास्ता

पास्त्यासाठी जगभर वापरला जाणारा ड्युरम गहू म्हणजे आपला बन्सी. पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, बन्सीत २८. दाणा मऊ करणारी प्रथिने ज्या गुणसूत्रसंचातून येतात तो संचच बन्सीत नाही. म्हणून त्याचा दाणा कठीण असतो आणि दळला की पिठाऐवजी छान रवा पडतो.

चांगल्या पास्त्याला पिवळाधमक रंग हवा, भरपूर प्रथिन हवे आणि शिजल्यावर लगदा होऊ न देणारे चिवट ग्लुटेन हवे. हे तपासायचे तर रवा काढून, मळून, पास्ता पाडून शिजवावा लागतो. एका रोपाच्या मूठभर दाण्यांत ते कसे जमणार? पुरेसे बियाणे होईपर्यंत कित्येक पिढ्या उलटतात आणि नको असलेली रोपेही तोवर सांभाळावी लागतात.

मार्कर ही अडचण दूर करतो. मार्कर म्हणजे हव्या जनुकात किंवा त्याच्या अगदी शेजारी असलेली डीएनएची ओळखखूण. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, पीसीआर यंत्रात तेवढाच भाग वाढवायचा. खूण दिसली की रोप ठेवायचे, नाही दिसली तर काढून टाकायचे.

रंगाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पिवळेपणा मुख्यतः ल्युटीनचा. ते किती बनणार हे बऱ्याच अंशी सातव्या गुणसूत्रजोड्यांवरची जनुके ठरवतात. पण दाण्यातला रंग पास्त्यात टिकेलच असे नाही. रव्यात पाणी घालून मळताना लायपॉक्सिजिनेज हे विकर सुरू होते आणि रंग उडवते. म्हणून रंग वाढवणारे जनुक आणि हे विकर कमी असलेला प्रकार, दोन्हींच्या खुणा एकाच रोपात शोधाव्या लागतात. नुसता दाणा पिवळा पाहून केलेली निवड इथे फसते.

प्रथिनासाठी जीपीसी-बी१ हे जनुक रानटी खपली गव्हातून घेतात. २००६ साली त्याची नेमकी ओळख पटली. ते पाने लवकर पिकवून त्यांतले नत्र, जस्त व लोह दाण्याकडे पाठवते. मात्र काही ठिकाणी लवकर वाळलेल्या रोपाचा दाणा हलका राहतो. म्हणून नुसत्या खुणेवर विसंबता येत नाही.

असे जनुक चांगल्या वाणात आणायचे तर पहिला संकर केल्यावर पुन्हा पुन्हा त्या मूळ वाणाशीच संकर करतात. दर वेळी साधारण निम्म्याच रोपांना जनुक मिळते. ती मार्करने ओळखून पुढे न्यायची. जनुकदात्याचा इतर वारसा पहिल्या संकरात सरासरी निम्मा असतो, तो पुढे २५, १२.५, ६.२५ टक्के असा घटत जातो. शेवटी स्वपरागीकरण केले की साधारण एक चतुर्थांश रोपांत जनुकाच्या दोन्ही प्रती येतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बन्सीच्या दर्जासाठी या पद्धतीने काम झाले आहे. तरीही निवडलेल्या रोपांचे बी वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या हंगामांत पेरून पाहावे लागते, कारण पाणी आणि खत बदलले की प्रथिनही बदलते. त्यानंतर रवा काढून पास्ता शिजवतात आणि पाण्यात किती पीठ उतरले ते मोजतात.