एक फाईल, साऱ्या वर्गाची

गूगल डॉक्स, गूगल शीट्स किंवा मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन वर्ड यांसारख्या क्लाउड साधनांत फाईल विद्यार्थ्यासमोरच्या संगणकात साठवलेली नसते. ती दूरच्या सर्व्हरवर असते आणि ब्राउझरमधून उघडून तिच्यावर काम करता येते. शाळेला याचा पहिला लाभ लगेच जाणवतो. संगणक कक्षात कोणाच्या वाट्याला कोणते यंत्र येते याला महत्त्व उरत नाही. पेन ड्राइव्ह घरी राहिला, त्यात व्हायरस शिरला, शाळेत टाईप केलेला मजकूर घरी वेगळाच दिसू लागला, या नेहमीच्या अडचणी संपतात. लिहिलेले आपोआप साठत जाते. तासाची घंटा झाली की मुले उठून जातात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच संगणकावर बसून अर्धवट वाक्य पुरे करतात. पण या साधनांचा वर्गातला सर्वांत मोठा उपयोग सोयीच्या पलीकडचा आहे. मूल लिहीत असतानाच शिक्षकाला ते लेखन दिसते आणि ते बदलण्याची संधी अजून हातात असताना त्यावर बोलता येते.

या साधनांचा इतिहास फार जुना नाही. ‘अपस्टार्टल’ या छोट्या अमेरिकन कंपनीने २००५ मध्ये ‘राइटली’ नावाचा ब्राउझरमध्ये चालणारा लेखन-कार्यक्रम आणला. मार्च २००६ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि राइटलीचेच पुढे गूगल डॉक्स झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीपासून गूगलने शिक्षणसंस्थांना ही साधने द्यायला सुरुवात केली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये आणले. गृहपाठ देणे, गोळा करणे आणि तपासून परत करणे यासाठी गूगल क्लासरूम २०१४ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांची या साऱ्याशी ओळख करोनाकाळात झाली. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य शासनाने गूगलच्या सहकार्याने क्लासरूम, मीट आणि फॉर्म्स ही साधने शाळांसाठी उपलब्ध करून देण्याचा उपक्रम जाहीर केला. त्या काळात त्यांचा वापर मुख्यतः दुरून शिकवण्यासाठी झाला. मुले आणि शिक्षक एकाच खोलीत असतानाही ती तितकीच उपयोगी पडतात, याकडे मात्र कमी लक्ष गेले.

एकाच फाईलवर पाच-सहा जण एकाच वेळी लिहितात आणि तरी मजकुराचा गोंधळ होत नाही, हे कसे साधते ते समजून घेण्यासारखे आहे. समजा, फाईलमध्ये ‘नदी वाहते’ एवढेच वाक्य आहे. एका मुलीने सुरुवातीला ‘मोठी’ हा शब्द घातला आणि त्याच क्षणी दुसऱ्या मुलाने शेवटी ‘आहे’ जोडले. मुलाच्या संगणकाच्या हिशेबाने त्याचा शब्द जिथे जायचा, ती जागा मुलीच्या शब्दामुळे पुढे सरकलेली असते. सर्व्हर प्रत्येक बदल ‘अमुक ठिकाणी अमुक अक्षरे घाला किंवा काढा’ अशा सूचनेच्या रूपात घेतो, त्यांचा क्रम ठरवतो आणि आधी झालेल्या बदलांनुसार नंतरच्या सूचनेतील जागा दुरुस्त करतो. म्हणून दोघांच्याही पडद्यावर अखेरीस ‘मोठी नदी वाहते आहे’ असेच उमटते. या पद्धतीचा पाया क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये घातला. गूगल डॉक्समध्ये एका वेळी शंभर जणांपर्यंत संपादन करता येते. वर्गात मात्र एका फाईलवर चार-पाच मुलांचा गट पुरे. त्याहून मोठ्या गटात दोघे-तिघे लिहितात आणि बाकीचे पाहत बसतात.

आता शिक्षकाच्या बाजूने पाहू. वहीत लिहिलेला निबंध तपासून परत येतो तेव्हा मुलाच्या दृष्टीने तो विषय संपलेला असतो. लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या तो क्वचितच वाचतो, कारण त्यावर करण्यासारखे काही उरलेले नसते. डॉक्समध्ये समासातली टिप्पणी मूल दुसऱ्या परिच्छेदावर असतानाच पोहोचते. ‘हा आकडा कुठून घेतला?’, ‘इथे आजीने नेमके काय सांगितले ते लिही’ अशा एका ओळीच्या प्रश्नाने पुढचे लेखन सुधारते. शेवटच्या शेऱ्यापेक्षा मधला प्रश्न कितीतरी जास्त शिकवतो. ‘सुचवणी’ नावाच्या पद्धतीत शिक्षकाचा बदल थेट मजकुरात शिरत नाही. तो वेगळ्या रंगात दिसतो आणि विद्यार्थी तो स्वीकारतो किंवा नाकारतो. इथे एक सावधगिरी हवी. शिक्षकाने प्रत्येक चूक स्वतःच सुधारून ठेवली, तर मूल एकामागून एक बरोबरच्या खुणा दाबत सुटते आणि शिकत काहीच नाही. शुद्धलेखनाची चूक जिथे आहे ती ओळ दाखवावी आणि दुरुस्ती मुलानेच करावी, हे अधिक बरे.

फाईलचा आवृत्ती-इतिहास हे या साधनांतले बहुधा सर्वांत कमी वापरले जाणारे आणि वर्गासाठी सर्वांत मोलाचे अंग आहे. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय लिहिले आणि काय खोडले हे त्यात लेखकागणिक वेगळ्या रंगांत दिसते. गटाने केलेल्या प्रकल्पात प्रत्येकाचा वाटा कळतो. मुलालाही पहिल्या कच्च्या मसुद्यापासून शेवटच्या लेखापर्यंतचा आपला प्रवास पाहता येतो. टप्प्यांना नावे देता येतात, उदाहरणार्थ ‘पहिला मसुदा’ किंवा ‘वाचून दाखवल्यानंतर’. कोणाच्या हातून अख्खा मजकूर उडाला, तर जुनी आवृत्ती एका बटणावर परत आणता येते. मात्र इतिहासात एकदम मोठा परिच्छेद अवतरलेला दिसला म्हणून ती नक्कल ठरत नाही. मुलाने तो आधी कागदावर किंवा मोबाईलवर लिहून मग चिकटवलेला असू शकतो. इतिहास पाहून मुलाशी बोलावे. तेवढ्यावरून शिक्षा ठरवू नये.

फाईल कोणाला कशी दिसावी, हे ठरवण्याच्या तीन पायऱ्या आहेत: फक्त पाहणे, टिप्पणी करणे आणि संपादन करणे. वर्गातले बहुतेक घोटाळे इथेच होतात. शिक्षक प्रश्नपत्रिकेची लिंक संपादनाच्या हक्कासह वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात आणि चाळीस मुले एकाच पानावर आपापली उत्तरे लिहू लागतात. क्लासरूममध्ये काम देताना ‘प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत’ हा पर्याय निवडला की हे टळते. क्लासरूम वापरत नसल्यास फाईलच्या पत्त्याच्या शेवटी असलेला ‘एडिट’ हा भाग काढून तिथे इंग्रजीत ‘कॉपी’ लिहावे. लिंक उघडणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची प्रत करून घेण्याचा पर्याय मिळतो आणि मूळ फाईल शाबूत राहते. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही परवानगी मुलांची नावे, गुण किंवा छायाचित्रे असलेल्या फाईलला कधीही देऊ नये. अशी लिंक पुढे पाठवायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

कोष्टकांचा उपयोग गुणपत्रकापुरताच राहतो, ही खेदाची गोष्ट आहे. भूगोलाच्या तासाला सामायिक शीट किती बोलके होऊ शकते, हे एका उदाहरणावरून दिसेल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात सुमारे त्याचा दहावा हिस्सा. दोन्हीकडच्या दोन शाळांनी पर्जन्यमापक बसवून एकाच शीटमध्ये जूनपासून रोजची नोंद केली, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा आलेख मुलांच्या डोळ्यांसमोर दिवसागणिक वाढत जाईल. आकड्यापुढे ‘मिमी’ लिहिले की तो रकाना संख्या न राहता मजकूर होतो आणि सरासरीच्या सूत्रातून गळतो. एकक स्तंभाच्या डोक्यावरच लिहावे, हा विज्ञानाचा धडा मुले इथे आपसूक शिकतात. ‘फिल्टर व्ह्यू’ वापरला की एका गटाने केलेली क्रमवारी दुसऱ्या गटाच्या पडद्यावर उलथापालथ करत नाही.

गूगल फॉर्म्सवरच्या चाचण्या आपोआप तपासल्या जातात, पण ते बहुपर्यायी प्रश्नांपुरतेच विश्वसनीय आहे. लघुत्तर उत्तरसूचीशी अक्षरशः जुळवले जाते. त्यामुळे मराठीत एखाद्या ऱ्हस्व-दीर्घाने बरोबर उत्तरही चूक ठरते. अशा प्रश्नांना चालतील ती सगळी रूपे सूचीत घालावीत किंवा ते हाताने तपासावेत.

मराठीत काम करताना पहिला अडथळा जुन्या फॉन्टचा येतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीत वर्षानुवर्षे टाईप केलेल्या प्रश्नपत्रिका क्लाउडवर चढवल्या की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते, कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते. असा मजकूर एकदा युनिकोडमध्ये बदलून घेणे भाग आहे. त्यानंतर तो शोधता येतो आणि कोणत्याही यंत्रावर सारखाच दिसतो. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकणे दीर्घकाळ फायद्याचे असते. उच्चारानुसारी टंकनाने सुरुवात लवकर होते. डॉक्समधली बोलून लिहिण्याची सोय मराठीतही चालते. हाताने लिहिणे ज्यांना जड जाते अशा मुलांना ती मोठा आधार देते. विरामचिन्हे मात्र नंतर हाताने घालावी लागतात. यंत्राची शुद्धलेखन-तपासणी मराठीत अजून भरवशाची नाही. बरोबर शब्दाखालीही लाल रेघ उमटते. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे मुंबईच्या ‘एक टाईप’ या गटाने घडवलेले मोफत फॉन्ट डॉक्समध्ये मिळतात आणि मुलांच्या वाचनाला ते स्वच्छ वाटतात.

ब्राउझरकडे केवळ संकेतस्थळे उघडण्याचे साधन म्हणून पाहिले जाते, पण त्यातल्या कित्येक सोयी थेट अभ्यासाच्या आहेत. कंट्रोल आणि एफ दाबून लांबलचक पानातला नेमका शब्द सापडतो. जुन्या फॉन्टमध्ये बनवलेल्या पीडीएफमध्ये मात्र मराठी शब्द असूनही सापडत नाही. वाचन-मोड जाहिराती आणि चौकटी बाजूला सारून केवळ मजकूर मोठ्या अक्षरांत मांडतो; लक्ष चटकन विचलित होणाऱ्या मुलासाठी याहून साधा उपाय नाही. क्रोममध्ये एखादे वाक्य निवडून ‘या भागाची लिंक’ घेता येते. ती उघडली की पान थेट त्या वाक्यापाशी, रंगवलेल्या अवस्थेत थांबते. प्रकल्पाच्या शेवटी ‘माहिती इंटरनेटवरून घेतली’ असे लिहिण्याची सवय मोडायला ही सोय फार कामाची आहे, कारण मूल आपला आधार नेमका दाखवू लागते. टॅब-गटांना विषयाचे नाव देऊन तासाची तयारी आदल्या दिवशी करून ठेवता येते. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत येतो.

एकच संगणक दिवसभरात सहा तुकड्या वापरतात तिथे ब्राउझरची शिस्त फार महत्त्वाची ठरते. मुलांनी अतिथी खिडकीत काम करावे. ती बंद केली की खाते, इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात. ‘पासवर्ड साठवू का?’ या प्रश्नाला शाळेच्या संगणकावर नेहमी नकारच द्यावा. इन्कॉग्निटोबद्दल मुलांचा मोठा गैरसमज असतो. त्या खिडकीत केलेले काम त्या संगणकाच्या इतिहासात उरत नाही एवढेच. शाळेच्या नेटवर्कला आणि भेट दिलेल्या संकेतस्थळाला ते दिसू शकते.

वीज आणि इंटरनेट बेभरवशाचे असलेल्या गावांत ऑफलाइन सोय हवीच. डॉक्स क्रोममध्ये आणि एजमध्ये इंटरनेटविना चालते, पण ती सोय इंटरनेट असतानाच आधी चालू करून ठेवावी लागते. जोडणी परत आली की बदल सर्व्हरवर जाऊन मिसळतात. फाईलची प्रत त्या यंत्रावर राहत असल्याने ही सोय शिक्षकाच्या स्वतःच्या संगणकावर योग्य. सामायिक यंत्रावर नको.

खाते कोणाचे, हा प्रश्न सर्वांत आधी सुटायला हवा. गूगलचे वैयक्तिक खाते स्वतः चालवण्यासाठी भारतात किमान वय १३ आहे. त्याहून लहान मुलांना शाळेने दिलेले शैक्षणिक खाते वापरता येते, आणि कोणत्या सेवा चालू ठेवायच्या हे शाळेच्या प्रशासकाच्या हाती असते. हे अधिकार नीट वापरले नाहीत तर काय होते, ते डेन्मार्कमधल्या हेलसिंगॉर नगरपालिकेत दिसले. तिथे शालेय खात्याला यूट्यूब जोडलेले राहिल्याने एका मुलाचे नाव आणि शाळा उघड झाली. पालकाच्या तक्रारीतून चौकशी वाढत गेली आणि जुलै २०२२ मध्ये डेन्मार्कच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने त्या शाळांत गूगलची साधने वापरण्यावर बंदी घातली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा त्यातला सर्वसाधारण नियम आहे. शाळेने पालकसभेत ही साधने दाखवावीत, कोणती माहिती कुठे साठते ते सांगावे आणि मगच खाती उघडावीत.

जागेचाही हिशेब ठेवावा लागतो. गूगलच्या शैक्षणिक खात्यांना पूर्वी अमर्याद जागा मिळे. २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. दस्तऐवज फारशी जागा घेत नाहीत, स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती घेतात. दहावी झालेल्या मुलांची खाती बंद करण्यापूर्वी त्यांना आपले लेखन ‘गूगल टेकआउट’मधून स्वतःच्या खात्यात हलवण्यासाठी पुरेशी मुदत द्यावी आणि ती तारीख निकालाच्या आधीच वर्गात सांगावी.