न्यायाधीशांचीच झाडाझडती : अल्बेनियाची युरोपीय परीक्षा

युरोपीय महासंघाचे दार ठोठावणाऱ्या देशाला केवळ अर्थव्यवस्थेचे आकडे सादर करून भागत नाही. त्याची न्यायालये स्वच्छ आणि सत्तेच्या दबावापासून मुक्त आहेत काय, हेही तपासले जाते. बाल्कन प्रदेशातील अल्बेनियाने या कसोटीला उतरण्यासाठी आपल्या न्यायाधीशांनाच तपासणीला उभे केले.

अल्बेनियाने सदस्यत्वासाठी २००९ मध्ये अर्ज केला आणि २०१४ मध्ये त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. मात्र न्याय विकत घेता येतो, ही भावना तेथील जनतेत खोलवर रुजली होती. अखेर जुलै २०१६ मध्ये संसदेच्या सर्व १४० सदस्यांनी एकमताने घटनादुरुस्ती संमत केली. तिच्यानुसार देशातील सुमारे ८०० न्यायाधीश आणि सरकारी अभियोक्ते यांची फेरतपासणी सुरू झाली.

या तपासणीचे निकष तीन होते : मालमत्ता, गुन्हेगारी जगताशी संबंध आणि व्यावसायिक पात्रता. मालमत्ता वैध मार्गाने मिळविल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित न्यायाधीशावरच टाकण्यात आली. समाधानकारक खुलासा न झाल्यास बडतर्फी अटळ होती. महासंघ आणि अमेरिका यांच्या पाठिंब्याने नेमलेले परदेशी निरीक्षक या प्रक्रियेवर लक्ष ठेवून होते. घटना न्यायालयाच्या एका बडतर्फ न्यायाधीशांनी या पद्धतीला युरोपीय मानवाधिकार न्यायालयात आव्हान दिले. परंतु त्यांच्या हक्कांचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा त्या न्यायालयाने २०२१ मध्ये दिला.

या शुद्धीकरणाची किंमतही मोठी होती. तपासणी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण बडतर्फी वा राजीनाम्यामुळे सेवेबाहेर गेले आणि त्यांच्या जागा वेळेत भरल्या गेल्या नाहीत. नऊ सदस्यांच्या घटना न्यायालयात २०१८ पासून २०२० च्या अखेरीपर्यंत गणपूर्तीच होत नव्हती. जून २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्थानिक निवडणुका रद्द केल्या, तरीही सरकारने त्या घेतल्या; या घटनात्मक पेचावर त्या वेळी निवाडा करण्यास न्यायालयच उरले नव्हते. सर्वोच्च न्यायालयात तुंबलेल्या खटल्यांची संख्या ३० हजारांवर गेली. भ्रष्ट न्यायाधीश गेला, पण सामान्य पक्षकाराची तारीख आणखी लांबली.

सुधारणेची दुसरी बाजू अधिक आशादायी आहे. २०१९ च्या अखेरीस 'स्पाक' ही भ्रष्टाचार व संघटित गुन्हेगारीविरोधी विशेष अभियोग यंत्रणा स्थापन झाली. तेथील अभियोक्त्यांना आपली बँक खाती व दूरध्वनी संभाषणे तपासण्यास आधीच संमती द्यावी लागते. माजी पंतप्रधान साली बेरिशा २०२३ च्या अखेरीस नजरकैदेत गेले. माजी राष्ट्राध्यक्ष इलिर मेटा यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर सत्ताधारी समाजवादी पक्षाचे तिरानाचे महापौर एरिओन वेलियाय यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये अटक झाली. तिघांनीही आरोप फेटाळले आहेत. तथापि, कारवाईचा हात विरोधकांपुरताच मर्यादित राहिला नाही, ही बाब महत्त्वाची ठरते.

महासंघाशी वाटाघाटींना जुलै २०२२ मध्ये प्रारंभ झाला. न्यायव्यवस्थेचा समावेश असलेला 'मूलभूत' प्रकरणांचा गट सर्वप्रथम उघडला जातो आणि सर्वांत शेवटी मिटतो. त्यामुळे २०३० पर्यंत सदस्य होण्याचे अल्बेनियन सरकारचे उद्दिष्ट न्यायालयांच्याच पायरीवर अडू शकते. अटकेच्या बातम्या पुरेशा नाहीत. खटले निष्पक्षपणे चालून वेळेत निकाली निघणे हीच खरी कसोटी आहे. भ्रष्ट न्यायाधीशाला घरी पाठविणे अवघड असते. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर सचोटीचा माणूस बसविणे त्याहून अवघड.