आल्विसोची मिठागरे

मुलांनो, सॅन होजेच्या उत्तरेला, खाडीच्या अगदी टोकाशी आल्विसो नावाची छोटी वस्ती आहे. आपल्या शाळेच्या मोठ्या वर्गाची अभ्याससहल या वेळी तिथे गेली. विषय होता ‘समुद्रकाठची वस्ती आणि तिचे नियोजन’. विषय ऐकूनच काहींनी नाके मुरडली होती. गाडीतून उतरल्यावर चिखलाच्या वासाने बाकीच्यांनीही मुरडली!

आल्विसोचा काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. समुद्र वर आला म्हणून नव्हे, तर जमीन खाली गेली म्हणून. विसाव्या शतकात सांताक्लारा खोऱ्यात आधी फळबागांसाठी आणि मग वाढत्या शहरांसाठी विहिरींतून बेसुमार पाणी उपसले गेले. जमिनीखालच्या चिकणमातीच्या थरांतले पाणी निघून गेले की ते थर वरच्या भाराने दबतात. ओल्या स्पंजवर जाड पुस्तक ठेवून पाहा. फरक इतकाच, की पुस्तक उचलल्यावर स्पंज पुन्हा फुगतो, ही माती फुगत नाही. सॅन होजेत जमीन सुमारे 13 फूट खचली. बाहेरून पाणी आणून उपसा आवरला, तेव्हा 1970च्या सुमारास खचणे थांबले. 1983 साली पूर आला तेव्हा आल्विसोच्या घरांत शिरलेले पाणी आपोआप ओसरेना. ओसरायला उतारच नव्हता.

बांधावरून चालताना बाईंनी विचारले, “सॉल्ट पाँडला मराठीत काय म्हणतात?” मुले गप्प. सोबत आलेले एक बाबा पटकन म्हणाले, “मिठागर! आमच्या मुलुंडच्या घराच्या खिडकीतून दिसायची.” मग अर्धा तास त्यांचाच तास झाला. उथळ खाचरांत भरतीचे पाणी घ्यायचे, उन्हात आटवायचे, मीठ गोळा करायचे. इथेही 1850च्या दशकापासून हेच चालत आले. त्यासाठी खाडीकाठची दलदल बांध घालून तोडली गेली.

2003 साली सरकारने कारगिल कंपनीकडून इथली बरीच मिठागरे विकत घेतली. त्यांतली सुमारे 15,000 एकर पुन्हा निसर्गाकडे सोपवायचे काम चालू आहे. बांधाला खिंडार पाडले की भरतीबरोबर गाळ आत येतो, थरावर थर बसतो, आणि तळ पुरेसा उंच झाला की खारे पाणी सोसणारी झुडपे आपोआप उगवतात. अशी दलदल लाटांचा जोर मोडते, म्हणून मागचा बांध फार उंच बांधावा लागत नाही. पण सगळे बांध एकदम फोडता येत नाहीत, कारण काही ठिकाणी त्यांच्याच आड वस्ती आहे. आधी वस्तीजवळ भक्कम बांध, मग खिंडार, असा क्रम ठेवावा लागतो. शिवाय समुद्र आता खरोखरच वर येतो आहे. गाळ त्याच्यापेक्षा लवकर साचला तरच दलदल टिकेल. ही शर्यत कोण जिंकेल, असे एका मुलीने विचारले. प्रश्न आम्हाला फार आवडला, उत्तर देता आले नाही.

परतताना गाडीत मुंबईचा विषय निघाला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीकाठची खारफुटी आणि दलदल भराव घालून आधीच आक्रसली होती, आणि पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. 2024 साली कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांची सुमारे 255 एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरले. माणसांना घरे हवीत हेही खरेच. मुलुंडचे बाबा मात्र बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते.




पुढच्या रविवारी मोठ्या वर्गाने आल्विसोचा नकाशा काढून आणावा. बांध लाल रंगात दाखवावेत.